पेढे कशाचे

तलाठ्याच्या टेबलासमोर बसलेली रेश्मा सारखी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. ट्रकच्या धडकेत नवरा गेल्यापासून घर निराधार अनुदानावर चाललं होतं. ते चालू राहायला तलाठ्याच्या अहवालात उत्पन्न कमी दिसायला हवं होतं.

"भाऊसाहेब, भरपाई कोर्टानं बँकेत अडकवलीय," ती म्हणाली. "मुलगी अठराची होईपर्यंत व्याजालाही हात लावता येत नाही."

"तरी व्याज उत्पन्नात धरतात, ताई. आणि तुम्ही तर गावभर पेढे वाटलेत. तुम्हाला पैसे मिळाल्याची तक्रार त्यावरूनच आलीय."

तिची सासू, कौसाबाई, मघापासून दारातून आत-बाहेर करत होती. ती थांबली. "पेढे पैशाचे नव्हते. माझा पोरगा पिऊन गाडी चालवत होता, असं सगळं गाव म्हणत होतं. कोर्टानं सांगितलं, तो प्यायला नव्हता, चूक ट्रकवाल्याची. त्याचे पेढे होते."

"मला हे कुणी सांगितलं नाही."

"विचारलंत कुठं? दोन उचललेत आणि गेलात."

तलाठी ओशाळला. पण व्याजाचा आकडा त्याला लिहावाच लागला. "अनुदान बंद होईल, मावशी," तो हळूच म्हणाला.

रेश्माचा हात पदरावर थांबला. कौसाबाई मात्र टेबलाजवळ आली आणि तिनं कागदाच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"मग इथं लिहा, प्यायला नव्हता. तुमचा कागद तहसीलला जातो. तिथंही कळू द्या."