चौथी शिट्टी

पर्जन्यमापकातलं पाणी लाल खुणेला टेकलं की चंद्राबाईने शिट्टी फुंकायची आणि वरंधच्या वरच्या वाडीतल्या अकराही घरांनी दरडीखालून निघून शाळेत यायचं, असं ठरलेलं. महिन्यात तीनदा फुंकून झाली. दरड एकदाही आली नाही, त्यामुळे वाडीत चंद्राबाईची पत उरली नव्हती. आज पाणी पुन्हा खुणेला टेकलं, तरी शिट्टी ओठांपर्यंत जाईना. तेवढ्यात जपानातून लेकीचा, वैशालीचा फोन. तिथल्या आपल्या कामाचं सांगत होती.

"आये, मोठा तारा फुटायच्या आधी त्यातून न्यूट्रिनो नावाचे कण जास्त यायला लागतात. ते दिसले की जगाला कळवायचं, ही माझी ड्यूटी."

"आनि फुटलाच नाय तर?"

"दोनदा झालंय तसं. हसतात लोक. पण हसत हसत दुर्बिणी वळवतात."

"मंग हसूंदे," म्हणत चंद्राबाईने फोन ठेवला आणि शिट्टी फुंकली.

शाळेच्या ओट्यावर दहा घरांनी तिला मनसोक्त शिव्या घातल्या. तिने त्या एकेक करून नीट ऐकून घेतल्या. अकराव्या, मोरूच्या घरची शिवी मात्र येईना, तशी ती घाबरीघुबरी होऊन पुन्हा वर पळाली.