कोरा ठेवलेला रकाना

या, असे जवळ सरकून बसा. पाद्रीबाबांचं प्रवचन सुरात यायला, ऑर्गन वाजायला अजून थोडा अवकाश आहे. तोवर ओनिकाची गोष्ट ऐका. लहानशीच आहे, पण ऐकून जीव हलका होईल.

लष्करी छावणीतल्या पाळणाघराच्या ऑफिसला त्या दिवशी रंग लावत होते, म्हणून नोकरीची मुलाखत मुलांच्या खोलीत चालली होती. तीन वर्षांच्या पोराच्या खुर्चीत ओनिका गुडघे छातीशी घेऊन बसली होती. समोर तसल्याच खुर्चीत पाळणाघराच्या मुख्य बाई, मिस अर्नेस्टीन. साठी उलटलेली, देह भक्कम. खुर्ची कुरकुरत होती, पण बाईंच्या धाकानं मोडत नव्हती.

जागा एकच होती. ती मिळाली नाही, तर शनिवारी लेकीला घेऊन ओनिकानं आईकडे मेकनला जायचं, जुन्या शाळेतलं काम धरायचं, आणि व्हर्नेलनं इथं एकट्यानं राहायचं, असं नवराबायकोचं ठरलं होतं. ठरवताना दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नव्हतं.

"किलीनला दीड वर्ष," मिस अर्नेस्टीननं अर्जावर बोट ठेवलं. "मग क्लार्क्सव्हिलला दोन. आता इथं फेएटव्हिलला. पाय ठरत नाही वाटतं तुझा?"

"मला बदल आवडतो, मॅम."

हे उत्तर ओनिकाला पाठ होतं. नवरा सैन्यात आहे म्हटलं की समोरचा माणूस गोड हसायचा, 'म्हणजे दोन वर्षांत तुम्ही जाणार,' म्हणायचा आणि पुन्हा फोन करायचा नाही. क्लार्क्सव्हिलला असं सहा वेळा झालं. तेव्हापासून काम मागताना ती व्हर्नेलचं नावच काढत नसे. या अर्जात 'जोडीदार लष्करी सेवेत आहे का?' असा रकाना होता. तोही तिनं सवयीनं कोरा सोडला होता.

मिस अर्नेस्टीननं चष्मा काढला. "बाळ, ही तिन्ही गावं छावण्यांची. या वाटेनं हौशी माणसं फिरत नाहीत. या वाटेनं पलटणी जातात. नवऱ्याच्या बदल्यांपायी मी स्वतः सात घरांचे पडदे शिवलेत. एका घरचा पडदा दुसऱ्या घरच्या खिडकीला कधी बसला नाही."

ओनिकानं गुडघे आणखी जवळ घेतले.

"बायबलात मिसर देशात शिरताना अब्राहामानं सारेला बजावलं होतं, तू माझी बायको आहेस हे सांगू नकोस. तिला निदान नवऱ्यानं सांगितलं होतं. तुला कुणी सांगितलं गं?"

"कुणी नाही, मॅम. माझं मीच शिकले."

"मग आता विसर. सकाळी एक बाई येऊन गेली. अकरा वर्षं लहान मुलं सांभाळलीत तिनं. माझ्या मापानं तुम्ही दोघी सारख्याच. आणि दोघी सारख्या असल्या, तर नियम असा की नवऱ्याच्या बदलीच्या हुकुमावर जिचं नाव आहे, तिला आधी घ्यायचं. पण कोऱ्या रकान्याला मी आधी कशी घेऊ? हुकूम आहे? लग्नाचा दाखला?"

"गाडीत आहेत!"

ओनिका उठली ती खुर्चीसकट. तशीच दोन पावलं गेली.

"खुर्ची सरकारी आहे हो," मिस अर्नेस्टीन म्हणाली. "ती ठेवून जा."

जन्मदाखले, लसींचे कागद, शाळांचे दाखले, सगळा संसार पोटात घेतलेली जाडजूड फाइल घेऊन ओनिका धापा टाकत परतली. मिस अर्नेस्टीननं दोन कागद शेजारी शेजारी मांडले. लग्न एप्रिलातलं, हुकूम जूनचा.

"लग्न हुकुमाच्या आधीचं लागतं. उलटं असतं तर माझे हात बांधलेले असते." मग बाईंचं बोट हुकुमावरून हळूहळू खाली आलं आणि थांबलं. "हे बघ. पत्नी, ओनिका." त्यांनी अर्ज आणि पेन पुढे सरकवलं. "लिही."

ओनिकानं लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

"वरच्या ऑफिसची सही सोमवारी होईल. रडायचं असेल तर आजच रडून घे. सोमवारी इथं रडायला बारा पोरं असतील."

ओनिकानं व्हरांड्यातूनच व्हर्नेलला फोन लावला. "खोकी पुन्हा उघड. मी कुठं जात नाही." पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग व्हर्नेल म्हणाला, "कात्री सापडत नाहीये."

बाहेर पाइनच्या झाडाखाली बाकावर एक बाई अजून भावाच्या गाडीची वाट पाहत बसली होती. तिनं ओनिकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"तुला मिळालं."

सकाळी येऊन गेलेली ती हीच, हे ओनिकाला कळलं. खोटं बोलावंसं वाटलं, पण आज जीभ वळेना. "हो."

"चांगलं झालं." बाईनं पर्स मांडीवर सारखी केली. "एक सांगू? आई निघून गेली की पोराला दाराशी उभं राहू देऊ नकोस. खिडकीशी ने. गाडी वळणाआड जाईपर्यंत हात हलवू दे. मग फार रडत नाहीत."

भाऊ आला. ओनिकानं नाव विचारलं, तेव्हा ती गाडीत बसली होती. काच खाली करून म्हणाली, "जॉर्जीन." गाडी वळणाआड जाईपर्यंत ओनिका हात हलवत राहिली.

आता ऑर्गन वाजेल. ओनिकासाठी देवाचे आभार मानाच. पण गुडघे टेकाल तेव्हा जॉर्जीनचंही नाव घ्या. तिलाही कुठून तरी फोन येईपर्यंत घेत राहा.