खापर केबलवर

ऑफिसचं नेटवर्क सकाळपासून झोपलं होतं. टेक्निशियन भाऊ कपाटातल्या नेटवर्क स्विचसमोर मांडी ठोकून बसले, लॅपटॉपला स्विचशी बोलायची निळी कन्सोल केबल जोडली आणि एन्टर दाबलं. पडदा काळाच राहिला. खापर केबलवर फोडायचं ही त्यांची वीस वर्षांची रीत.

"केबलच गेलीय," ते मॅनेजरबाईंना म्हणाले.

पडद्यावर वेळेसकट ओळ उमटली: बारा दहा. भाऊंनी केबलला दोष दिला.

भाऊंनी चष्मा पुसला.

बारा अकरा. चष्मा पुसला.

"स्विच काही बोलतोय का?" बाईंनी विचारलं.

"नको तितकं बोलतोय." कपाळावरचा घाम भाऊंनी मुद्दामच पुसला नाही.

बारा बारा. घाम पुसला नाही. हट्टी आहेत.

आता केबल उपटलेलीच बरी, म्हणून भाऊंनी स्विचपाशी हात नेला. तिथे केबल नव्हतीच. घाईत केबलचं दुसरं टोक लावायचंच राहिलं होतं. ते त्यांच्याच मांडीखाली दबलेलं होतं.

"बाई," भाऊ कसेबसे म्हणाले, "ही केबल..."

पडद्यावर ओळ आधीच येऊन बसली होती: बारा तेरा. पुन्हा केबलच!