खतखड्डा

पुण्याहून निघालेली तपासणी समिती मंचरपर्यंत पोचली होती. मी कॉलेजच्या खतखड्ड्याचं झाकण उघडलं, तर आत काहीच नाही. कँटीनचा तीन महिन्यांचा ओला कचरा गायब! प्रकल्पप्रमुख म्हणून माझी नाचक्की ठरलेली.

“मच्छिंद्रभाऊ, कचरा कुठं गेला?” मी शिपायाला विचारलं.

“आमच्या मेंढ्यांनी खाल्ला की, मॅडम. चांगला भाजीपाला व्हता, कुजवायचा कशाला? तुमाला खतच पायजे ना? लेंड्या लई पडल्यात. आणतो चार पाट्या.”

दुपारी समितीच्या अध्यक्षांनी खड्ड्यातलं खत ओंजळीत घेऊन हुंगलं. “वा! इतके एकसारखे दाणे? मशीन दाखवा बघू.”

मच्छिंद्रभाऊ पुढं सरसावले.

“एक न्हाई, सायेब, चाळीस हायेत. आत्ता चरायला गेल्यात.”