सीलबंद पुरावा

निविदा हरलेल्या कंपनीने तक्रार ठोकलेली: दवाखान्याच्या भांडारपालाने पैसे खाऊन सर्पदंशाची बोगस लस घेतली. नियमाप्रमाणे राखून ठेवलेल्या दहा सीलबंद कुप्या हाच या प्रकरणातला एकमेव पुरावा. आज दुपारी चौकशी अधिकारी त्या कुप्या तपासायला प्रयोगशाळेत नेणार होते. सकाळीच नर्स धापा टाकत भांडारात आली. “भाऊ, शाळकरी पोरीला नाग चावलाय. पापण्या मिटायला लागल्यात, वॉर्डातली लस संपलीय.” “लाखेचं सील फोडलं तर मी चोर ठरेन, सिस्टर.” “मग तिच्या आईला तुम्हीच सांगा.” त्याने नखांनीच सील उचकटलं. कायद्याप्रमाणे सर्वांत स्वस्त लस घेतली होती; ती खरी आहे याची खात्री त्यालाही कुठे होती? दुपारी अधिकाऱ्यांनी रिकामं खोकं उलटं केलं. “पुरावा कुठाय?” भांडारपालाने वॉर्डाचं दार ढकललं. “हे फायलीला कसं लावायचं?” अधिकारी पुटपुटले. पोरगी त्यांच्याकडे टकामका बघत राहिली.