नेहमीप्रमाणे दिवा

"सही इथं करा, काका," महिपत म्हणाला आणि पेनचं टोपणसुद्धा त्याने स्वतःच काढून दिलं. माणूस फार काळजी घेणारा.

लवूने कागदाला हात लावला नाही. "आधी वाच. सगळ्यांना ऐकू दे."

इमारतीच्या पडवीत भाडेकरू जमले होते. वर, पहिल्या मजल्यावर, लवूच्या खोलीचं दार जळून गेलं होतं आणि भिंत छतापर्यंत काळी झाली होती. त्याची बायको मथुरा त्याच खोलीत जळून गेली. तिचे गुडघे आखडलेले. खाटेवरून उठेपर्यंत दाराजवळचा विजेचा बोर्ड पेटला होता. ती दारापर्यंत पोचलीच नाही. तिचं तेरावं होऊन चार दिवस झाले होते.

महिपत इमारतीचा मालक. लवूच्या चुलतभावाचा मुलगा, म्हणजे घरचाच. त्याच्या आजोबांनी इमारत बांधली तेव्हाची वायर अजून लाकडी पट्टीवरून फिरत होती. बोट लावलं तरी वरचं रबर गळायचं. खाऱ्या हवेनं आतलं तांबं हिरवं पडलं होतं. बोर्ड गरम लागतो, आत चरचरतं, असं मथुराने त्याला किती वेळा सांगितलं. दर वेळी महिपत माणूस पाठवायचा आणि माणूस काळी चिकटपट्टी गुंडाळून जायचा. फ्यूज सारखा उडतो म्हटल्यावर त्याने फ्यूजमध्ये जाड तार घातली. मग फ्यूज उडायचा बंद झाला. महिपत याला दुरुस्ती म्हणायचा. त्याच वर्षी त्याने इमारतीला बाहेरून पिस्ता रंग दिला. रस्त्यावरून इमारत अगदी नवी दिसायची.

उद्या आगीच्या चौकशीला वीज निरीक्षक यायचे होते. म्हणून आज हा कागद, वकिलाने लिहून दिलेला.

महिपत वाचू लागला. "माझी पत्नी मथुरा हिने शनिवारी सायंकाळी नेहमीप्रमाणे देवापुढे दिवा लावला. दिव्याची ज्योत पडद्यास लागून खोलीस आग लागली. वायरिंगबाबत माझी काहीही तक्रार नाही."

"नेहमीप्रमाणे," लवू म्हणाला.

"मग? काकीचा दिवा कधी चुकायचा नाय. काय, आवडाबाई?"

"कधीच नाय," शेजारची आवडाबाई जमिनीकडे बघत म्हणाली. बाकीच्यांनीही माना हलवल्या. ज्याला त्याला आपली खोली प्यारी.

"गेलेलं माणूस परत येतं काय, काका?" महिपतने आवाज मऊ केला. "तुम्हाला खालची खोली देतो. नवी वायर टाकून देतो."

लवूला हसू आलं. बाई जळाल्यावर नवी वायर. आणि तो कागद एकदा सही होऊन गेला, की मथुराने आपल्या हातानं आपलं घर पेटवलं, असंच सरकारात कायमचं लिहून राहणार.

"आग लागली तेव्हा मी कुठं होतो रे?"

"तुम्ही? आमच्याकडेच की. येऊन बसला होता."

"कशाला?"

महिपतचा हात डोक्याकडे गेला. उतरवलेल्या केसांची तिथं अजून नुसती खुंटं आली होती. आवडाबाईने मान वर केली. बाकीचे एकमेकांकडे बघू लागले. आता सगळ्यांना आठवलं होतं, आणि आठवलं म्हणून सगळे शरमले होते.

लवूने कागद घेतला, नीट घडी घातली आणि खिशात ठेवला.

"हा मीच देतो उद्या निरीक्षकांना," तो म्हणाला. "आगीआधीच्या सोमवारी तुझी आई गेली, महिपत. सोमवारपासून माझ्या घरात देव बंद होते. तू विसरलास, पण मथुराने तुझ्या आईचं सुतक मरेपर्यंत पाळलं."