सातवं गणित

होल्ट्रॉप सरांनी गृहपाठाचा कागद चिमटीत धरला आणि मेलेला उंदीर टाकावा तसा हार्मेनच्या पुढ्यात टाकला.

"वास घे."

हार्मेनने घेतला नाही. वास त्याचाच होता. लेमरच्या धक्क्यावर तो वाम मासे धुरावण्याच्या भट्टीवर कामाला होता, आणि शाळेचं बोलावणं आल्यावर तसाच उठून आला होता. शेजारी त्याची सोळा वर्षांची लेक नीन्के मान ताठ करून बसली होती.

"शनिवारी वाम न्यायला येता, सर, तेव्हा वास चालतो," ती म्हणाली.

"नीन्के!" हार्मेन दबक्या आवाजात म्हणाला.

"बोलू दे. जीभ तेवढी चालते," सर म्हणाले. "सातवं गणित वाच."

कोन कोणताही घेतला तरी डावी आणि उजवी बाजू समान असल्याचं सिद्ध करायची, त्रिकोणमितीची आठ गणितं होती. सात नीट सोडवलेली. सातव्यापुढे तेलाचा डाग आणि एकच ओळ : 'तीस अंश घालून बघा.'

"मास्तरालाच हुकूम! अरे, डावी बाजू घ्यायची, एकेक ओळ करत उजवीपर्यंत यायचं. बावीस जण आले. या बाईसाहेब सोडून."

"त्यांना कसं जमलं?" हार्मेनने विचारलं.

सरांनी तोंड वाकडं केलं. "उतरवलंय मेल्यांनी. मोठ्या भावंडांच्या वह्यांतून. सगळ्यांची पाचवी ओळ एकसारखी गिचमीड. बघवतही नाही. पण सुरुवात बरोबर, शेवट बरोबर, मग बरोबरची खूण करावी लागते. ही तर उतरवायचेही कष्ट घेत नाही."

"तुम्ही बघितलंत का, सर?" नीन्केने विचारलं.

"काय?"

"तीस अंश घालून."

सरांनी कपाटातून एक पिवळा पडलेला कागद काढला. "एकवीस वर्षांपूर्वी रचलंय मी हे. वर्गाला देण्याआधी पंचेचाळीस अंश घालून ताळा केलाय. तिथे साइन आणि कोसाइन सारखेच, आकडेमोड सुटसुटीत. डावीकडे चार, उजवीकडे चार. तू मला शिकवणार?"

नीन्केने गृहपाठाचा कागद त्यांच्याकडे सरकवला.

"सोमवारपासून ही खालच्या गणितवर्गात," सर हार्मेनला म्हणाले. "डेल्फ्टच्या विद्यापीठात जाऊन जहाजं आखायचं खूळ डोक्यातून काढा."

हार्मेनने टोपी हातात चुरगाळली. पोरगी सात वर्षांची असल्यापासून जहाजं काढत होती. भट्टीच्या भिंतीवर कोळशाने काढलेलं तिचं पहिलं जहाज त्याने अजून पुसू दिलं नव्हतं.

"तुमच्या वर्गात मलाही हेच सातवं अडलं होतं, सर."

"आठवतंय. बाकीच्यांनी सोडवलं. तू कोरा कागद दिलास."

"तीन दिवस बसलो होतो. शेजारचा म्हणाला, पाचव्या ओळीत काहीतरी खरड, म्हातारा बघत नाही. मला ते करवेना."

"म्हणून तुला धंदेशिक्षणाच्या वर्गात धाडला. चुकलं का माझं? वाम उत्तम करतोस."

"हात धुतले तरी वास जात नाही. बाकी बरं आहे." हार्मेनने टोपी गुडघ्यावर ठेवली. "एकदा तीस घालून बघा, सर. दोन्हीकडे सारखं आलं तर मी हिला मुकाट घेऊन जातो. परत तोंड दाखवणार नाही."

"वेळेची नुसती नासाडी," सर पुटपुटले. डागाला बोट लागणार नाही अशा बेताने त्यांनी कागद पुढ्यात घेतला आणि पेन उघडलं.

डावी बाजू आली आठ भागिले तीन.

उजवी बाजू आली आठ.

त्यांनी दोन्ही खोडून पुन्हा केलं. डावीकडे आठ भागिले तीन. उजवीकडे आठ. आता तळहात पुरता डागावर टेकला होता, आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. शेजारी बावीस कागदांचा गठ्ठा होता. प्रत्येकावर सातव्या गणितापुढे लाल खूण होती.

नीन्के बापाकडे बघत होती. बाप मास्तरांच्या पेनाकडे बघत होता.

"सर," हार्मेन म्हणाला, "म्हणजे माझा कोरा कागद बरोबर होता?"